दोन देशांच्या मधल्या खुर्चीत

आई,

परवा तुमचा तेरावा झाला. लांबून आलेले पाहुणे काल गेले आणि घर आता आम्हा दोघांचंच उरलं. कुणीतरी म्हणालं, सविता, सासूबाईंवर चार ओळी लिहून दे, छापून आणू. मी बसले, पण जन्म, शिक्षण, नोकरी असं लिहायला घेतलं की हात थांबतो. ते प्रसादला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मुलगा आहे तो तुमचा. तुम्ही गेलात आणि सगळे तुमच्याबद्दल बोलायला लागले. तुमच्याशी बोलणं एकदम बंद झालं, ते मला जड जातंय. म्हणून हे तुम्हालाच लिहिते.

तुम्ही आमच्या गंगापूरच्या घरी पहिल्यांदा आलात ते मला पाहायला. प्रसादनं आणि मी आधीच ठरवलेलं होतं, तरी रीत म्हणून तुम्ही आणि प्रसादचे बाबा आलात. आमच्या बैठकीत दोन बाजूंना दोन पलंग. एकावर तुम्ही, दुसऱ्यावर माझे वडील आणि चुलते. मी आतून पडद्याआडून बघत होते. दादा, म्हणजे माझे वडील, चुलत्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "शहरातली शिकलेली माणसं हायती. आपल्या घरचं पाणी तरी पितील का नाय, कुणाला ठावं."

तुम्ही समोरून शांतपणे म्हणालात, "पाणी पिऊ, चहा घेऊ आणि आग्रह केलात तर जेवूनही जाऊ."

दादा असे ओशाळले की त्यांना मान वर करवेना. बाबांनी तुमच्याकडं रागानं पाहिलं. तुम्ही म्हणालात, "ऐकू आलं म्हणून उत्तर दिलं, राग मानू नका. ऐकू आलेलं गाळायची मला सवय नाही. माझा धंदाच तसा होता."

"धंदा कंचा?" दादांनी विचारलं.

"दुभाषी. रशियन माणसं काय बोलतात ते आपल्या माणसांना सांगायचं आणि आपली काय बोलतात ते त्यांना. अणुवीज प्रकल्पावर होते मी. दोन देशांनी मिळून बांधलाय, पार खाली दक्षिणेत, समुद्राकाठी."

त्या काळात आमच्या शेतात मोटारीला वीज यायची ती रात्रीच. दादा पाण्याच्या पाळ्या धरून धरून वैतागलेले. त्यांनी लगेच विचारलं, "मग ती वीज आमच्या गंगापूरला येती का?"

दुसरं कुणीही असतं तर सोयरीक जुळायच्या वेळी 'येते की' म्हणून गेलं असतं. तुम्ही म्हणालात, "नाही. ती बहुतेक तिकडच्याच राज्यांना जाते."

दादा आत वळून माझ्या आईला म्हणाले, "पानं घ्या." तुम्ही गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "ही बाई तुला कडू बोलंल, पर खोटं बोलायची नाय. जा तिथं." आई, तुम्ही कडू बोललातही पुष्कळ. दादांचे दोन्ही अंदाज बरोबर निघाले.

लग्न होऊन इथं आले त्यानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं की गाल्या नावाचा कुणी माणूस आहे. "गाल्याचा फोन आला होता का?" "गाल्याला म्हणावं, मी झोपलेय." आमच्याकडं पक्या, बंड्या, तसा गाल्या. क्रांती चौकातला कुणी दुकानदार असेल, नाहीतर गॅसवाला. मग एकदा मीच फोन उचलला आणि पलीकडून एक बाई अतिशय सावकाश, शुद्ध हिंदीत म्हणाली, "नमस्कार. क्या वसुधा दिगंबरोव्ना घर पर उपस्थित हैं?" मी म्हटलं, राँग नंबर. ठेवून दिला.

तुम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होतात. मग सांगितलंत की गालिनाचं लाडकं नाव गाल्या. रशियन लोक आदरानं हाक मारताना बापाचं नाव जोडतात आणि तुमचे वडील दिगंबरराव, म्हणून तुम्ही दिगंबरोव्ना. गालिना म्हणजे समोरच्या बाजूची दुभाषी. तुम्ही आपल्या बाजूला, ती त्यांच्या. कितीतरी वर्षं तुम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलात. ती तिकडं विद्यापीठात हिंदी शिकून आली होती आणि आल्यावर तिला कळलं की त्या तमिळ मुलखात तिच्या हिंदीचा कुणालाच उपयोग नाही. बैठका सगळ्या इंग्रजीत आणि रशियनमध्ये. हिंदी बोलायला तिला तुम्ही एकट्याच.

तुम्ही रशियन का शिकलात, हे मी विचारलं तेव्हा म्हणाला होतात, "आमच्या घरात सरकारची भाषा बदलली की पोटासाठी नवी लिपी शिकायची पद्धत आहे." तुमचे आजोबा निजामाच्या कचेरीत उर्दू लिहायचे. तुमच्या वडिलांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही लागली. तुम्हाला वाटलं, आता रशियन लागेल. बाकी कुणाला लागली नाही, तुम्हाला मात्र आयुष्यभर पुरली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळं तुमच्या त्या प्रकल्पाबद्दल मला बाकीच्यांपेक्षा जास्त प्रश्न पडायचे आणि जास्त भीतीही वाटायची. एकदा भाजी निवडताना मी विचारलं, "आई, तुम्हाला तिथं भीती नाही का वाटली कधी? अणू म्हणजे काय साधी गोष्ट आहे?"

"मला अणूची नाही वाटली," तुम्ही म्हणालात. "ती भीती बाळगायला मोठमोठे लोक होते. मला 'नका'ची वाटायची."

"म्हणजे?"

"'ही झडप बंद करू नका.' यातला 'नका' माझ्याकडून राहिला तर? दमलेली असताना, दुपारच्या जेवणानंतर, घाईत? वाक्याच्या शेवटचा एक शब्द. तो राहिला की उलटंच झालं ना सगळं?"

घरात तुम्ही तीन-तीनदा का विचारायचात, 'उद्या येणार म्हणजे उद्याच ना, की उद्या निघणार?', ते मला त्या दिवशी कळलं. कळलं म्हणून कंटाळा कमी झाला असं नाही. पण कळलं.

पाइपांचा किस्सा तुम्ही पाहुण्यांना नेहमी सांगायचात आणि मला तो पाठ होता. बैठकीत प्रत्येक दुभाष्यानं आपल्या बाजूच्या माणसाचं बोलणं समोरच्यांच्या भाषेत न्यायचं, अशी तिथली पद्धत. रशियन प्रमुखांनी सकाळी उघड्यावर ठेवलेले काही पाइप पाहिले होते, आत वाळू आणि गंज. ते बैठकीत आले आणि लाल होऊन म्हणाले, "असल्या पाइपातून मी आमच्या गावच्या गाईलाही पाणी पाजणार नाही." गालिनानं इंग्रजीत सांगितलं, "स्वच्छतेबाबत काही निरीक्षणं आहेत." आपल्या साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं आणि पुढच्या विषयाकडं वळले. तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. "साहेब, ते असं म्हणाले नाहीत." आणि गाईसकट सगळं सांगितलंत.

साहेब उठले. सगळ्यांना वाटलं आता निघून जातात. ते म्हणाले, "चला, दाखवा मला." दोघं प्रमुख उन्हात जाऊन पाइपांत डोकावले आणि त्याच दिवसापासून पाइप पुन्हा धुवायला घेतले.

"कळलं म्हणून धुतले," तुम्ही म्हणायचात. "निरीक्षणं म्हणून ठेवली असती तर पाइप तसेच बसवले असते."

गालिना तेव्हा तुमच्याशी बोलेना. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत समोर येऊन बसली आणि म्हणाली, वसुधा, आज गाय निघाली, उद्या दोघंही सुरा घेऊन येतील. मग तू काय भाषांतर करशील?

तसं झालंही. तो भाग तुम्ही पाहुण्यांना सांगायचा नाहीत, मला सांगितलात. नकाशे यायला उशीर झाला म्हणून आपले साहेब भडकले आणि म्हणाले, "आम्ही तुमचे शिकाऊ उमेदवार नाही. बरोबरीनं बसलोय इथं." तुम्ही ते रशियनमध्ये नेलंत, शब्दाला शब्द, आवाजाला आवाज. रशियन प्रमुखांनी फाइल मिटली आणि ते बाहेर गेले. नंतर कितीतरी दिवस दोन्ही कचेऱ्या एकमेकींशी फक्त कागदानं बोलत होत्या. काम रखडलं. तुम्हाला रात्री झोप लागेना. आणि मग एका सकाळी दोघं प्रमुख आले, हात मिळवले, चहा मागवला, जसं काही घडलंच नव्हतं. कसं काय, ते तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला वाटलं, मोठी माणसं आहेत, विसरली असतील.

ते कसं घडलं हे कळलं फर्दापूरला, गालिना आपल्याकडं आली तेव्हा. तुम्ही दोघीही तोवर निवृत्त झाला होतात. तिला अजिंठा बघायचा होता. प्रसादला सुट्टी नव्हती म्हणून मी तुमच्याबरोबर आले. लेणी पाहून खाली उतरलो. दुकानांच्या रांगेत तिनं एक जांभळा स्फटिक उचलला आणि दुकानदाराला विचारलं, "क्या आप इसके मूल्य में किंचित न्यूनता कर सकते हैं?"

तो आ वासून बघत राहिला. "क्या बोलरे मॅडम? मेरे कू समझाच नै."

तुम्ही म्हणालात, "भाव कम करो बोलरे उनो."

हिंदीतून हिंदीत केलेलं ते भाषांतर मी आमच्या शाळेत अजून सांगते.

नंतर आपण चहाला बसलो. मी मध्ये होते म्हणून तुम्ही दोघी हिंदीत बोलत होतात. पाइपांवरून विषय त्या भांडणावर आला. तुम्ही म्हणालात, "पण शेवटी दोघं शहाणे निघाले, आपणहून जवळ आले." गालिना कप फिरवत राहिली. मग म्हणाली की ते आपणहून आले नाहीत. तिनं आपल्या प्रमुखांना सांगितलं होतं, भारतीय साहेबांना फार वाईट वाटतंय, फक्त बोलायला संकोचतात. आणि आपल्या साहेबांना व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, आमचे प्रमुख क्षमा मागताहेत, फक्त सगळ्यांसमोर मागणार नाहीत.

"दोनों ने क्षमा नहीं माँगी थी," ती म्हणाली. "मैंने दोनों की ओर से माँग ली."

आई, तुमचा चेहरा मी विसरणार नाही. दुभाष्यानं एक शब्दही आपल्या पदरचा घालायचा नाही, हे तुमचं व्रत, आणि इथं अख्खी माफी पदरची. तुम्ही उठलात आणि गाडीत जाऊन बसलात. फर्दापूर सोडलं, गोळेगाव गेलं, सिल्लोड आलं, तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. शेवटी गालिना मला म्हणाली, "सविता जी, आप निर्णय कीजिए. मैंने अनुचित किया?"

मला गप्प बसता आलं असतं. पण तिलाही कळावं म्हणून मी हिंदीतच, तुमच्याकडं बघून म्हणाले, "मी असते तर तेच केलं असतं. घर चालवायचं म्हणजे दुसरं काय असतं? प्रसाद तुमच्याबद्दल काही तडकून बोलला की मी तुमच्यापर्यंत येईस्तोवर ते निवलेलं असतं. आणि तुमचं त्याच्यापर्यंत जाईस्तोवर."

तुम्ही एकदम वळलात. "म्हणजे माझं बोलणं तू बदलून सांगतेस?"

"कधीकधी."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून," मी म्हटलं, आणि गालिना हसायला लागली. तुम्ही हसला नाहीत. पण फुलंब्री यायच्या आत म्हणालात, "मला वाटायचंच, माझा मुलगा इतका समजूतदार कसा." हा वाद आपण नंतरही पुष्कळदा घातला. तुम्ही म्हणायचात, खरं कळलं नाही तर पाइप कोण धुणार? मी म्हणायचे, टेबलाशी माणसंच उरली नाहीत तर पाइप बसवणार कोण? त्याचा निकाल लागला नाही. माझं म्हणणं तुम्हाला पटलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

मग ती सकाळ आली. तुम्ही उठून बसायला गेलात आणि उजव्या बाजूला कललात. दवाखान्यात तुम्ही शुद्धीवर आलात, डोळे उघडलेत, आम्हाला ओळखलंत. आणि बोललात ते आम्हाला काही कळलं नाही. प्रसादला वाटलं, जीभ जड झाली आहे. तुम्ही एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतात. "वदा. वदा."

प्रसाद मला म्हणाला, "आई 'वदा' म्हणतेय, बोला म्हणतेय." तो तुमच्या उशाशी बसून बोलत राहिला. लहानपणच्या गोष्टी, बाबांच्या आठवणी, जे सुचेल ते. तुम्ही मान हलवून पुन्हा म्हणायचात, "वदा." तो आणखी बोलायचा. मला काय सुचलं कोण जाणे, मी गालिनाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तुमच्या तोंडापुढं धरला. तिनं एकदाच ऐकलं आणि जवळजवळ ओरडली, "पानी! वे पानी माँग रही हैं!"

सकाळपासून तुम्ही पाणी मागत होतात आणि आम्ही बोलत होतो. नर्सनं डॉक्टरांना विचारून चमच्यानं पाणी दिलं. प्रसाद भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूच्या झटक्यानंतर क्वचित असं होतं. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाची एखादी भाषा आत अडकते आणि दुसरी मोकळी राहते. तुम्हाला आमचं सगळं कळत होतं, मराठी, हिंदी, सगळं. पण तोंडातून मराठीचा एक शब्द निघत नव्हता. निघायची ती रशियन. ज्या बाईनं जन्मभर दोन देशांचं बोलणं इकडून तिकडं नेलं, तिचं बोलणं तिच्या मुलापर्यंत न्यायला आता परदेशातून दुभाषी लावावी लागली.

आपण घरी आलो. गालिना तिच्या स्वयंपाकघरात फोन उभा करून बसायची, आम्ही तुमच्या पलंगाशी. रोजचं होऊन गेलं ते. तिच्या खिडकीत बर्फ दिसायचा, तो बघून तुम्ही काहीतरी म्हणायचात आणि ती खिडकीचा पडदा सरकवून तुम्हाला अजून थोडा दाखवायची. पण तिची खोड गेली नव्हती. एकदा तुम्ही माझ्या भाताकडं हात करून पुष्कळ वेळ बोललात, डाव्या हातानं ताट ढकललंत. गालिना म्हणाली, "वसुधा कहती हैं, भोजन में आज तनिक परिवर्तन हो तो अच्छा."

"एवढंच?" प्रसादनं विचारलं.

"सार यही है."

आणि तुम्ही, आई, ज्यांना दोन्ही बाजू कळत होत्या, तुम्ही फोनकडं असं पाहिलंत की गालिनानं मान खाली घातली. तुम्हाला हात वर करून 'ती असं म्हणाली नाही' एवढंही म्हणता येत नव्हतं. मी हसले. तुमचा राग बघून पुन्हा हसले. मग तुम्हीही हसलात, अर्ध्या तोंडानं. तो भात खरंच गिचका झाला होता.

नंतर तुम्हाला ताप आला आणि छातीत कफ भरला. डॉक्टर घरी येऊन बघून गेले. म्हणाले, पुन्हा दाखल करू शकतो, नळी घालावी लागेल, यंत्रावर ठेवावं लागेल, किती उपयोग होईल सांगता येत नाही. ठरवा तुम्ही. प्रसादचं ठरलेलंच होतं. त्यानं ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर काढला. मी गालिनाला लावलं, कारण तुम्ही काहीतरी बोलायला लागला होतात.

तुम्ही थांबत थांबत, पण बराच वेळ बोललात. गालिना ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वे... थोड़ा विश्राम चाहती हैं."

प्रसाद म्हणाला, "हो आई, तिथं आरामच मिळेल."

तेव्हा तुम्ही एकच शब्द बोललात. "गाल्या." रागावून नाही. तुम्ही तिला तशी हाक मारलेली मी पूर्वी ऐकली नव्हती, इतकी हळू.

गालिनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग सरळ प्रसादकडं बघून बोलायला लागली. तिची हिंदी त्या दिवशी अजिबात अलंकारिक नव्हती.

"वे कहती हैं, मुझे कहीं मत ले जाओ. तुम डर रहे हो, इसलिए ले जाना चाहते हो. मैं नहीं डर रही. मुझे नली नहीं चाहिए. मैं अपने कमरे में रहूँगी. और प्रसाद से कहो, यह मेरी बात है, उसकी पत्नी की बनाई हुई नहीं." ती थांबली. "मैंने पूरा कहा है, प्रसाद जी. एक शब्द नहीं घटाया. इस बार नहीं."

तुम्ही डोळे मिटलेत आणि मान हलवलीत. आयुष्यात पहिल्यांदा तिचं भाषांतर तुम्हाला मान्य झालं असावं.

प्रसाद गॅलरीत गेला. मी मागं गेले नाही. काही सौम्य करून सांगण्यासारखं माझ्याकडं नव्हतं आणि ती वाट तुम्ही आधीच बंद करून ठेवली होती. तो परत आला, तुमच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "बरं आई. इथंच." डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांनी घरी काय काय करायचं, त्रास कमी कसा ठेवायचा, ते नीट समजावलं.

आपल्या वादात मी त्या दिवशी हरले, आई, हे कबूल करते. पण पुरती नाही. गालिनानं इतकी वर्षं दोन्हीकडची मनं सांभाळली नसती, तर त्या दिवशी तिचा शब्द प्रसादनं इतक्या मुकाट्यानं ऐकला असता का? तुम्ही असतात तर यावर नक्की काहीतरी बोलला असतात.

तुम्ही गेल्याचं गालिनाला मीच कळवलं. मला रशियन येत नाही आणि त्या वेळी हिंदीही सुचेना. मी मराठीतच म्हणाले, "आई गेल्या." तिला कळलं. तिनं तिच्या भाषेत काहीतरी म्हटलं आणि मी ते काय म्हणून विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र अजून कुणालाच सांगितलेली नाही. तुम्ही जायच्या आदल्या दुपारी प्रसाद औषधं आणायला गेला होता. आपण दोघीच होतो. तुम्ही जाग्या झालात आणि बोलायला लागलात. मी फोनकडं हात नेला, तर तुम्ही डाव्या हातानं 'राहू दे' अशी खूण केलीत. मग मी खुर्ची जवळ ओढून बसले.

तुम्ही रशियनमध्ये बोलत होतात, मी माझ्या गंगापूरच्या भाषेत. तुम्ही थांबलात की मी बोलायचे, मी थांबले की तुम्ही. मी सांगितलं की दादांनी यंदा कपाशी मोडून ऊस लावला. दिवसा वीज यायला लागली आहे, लई खूश आहेत. शाळेतल्या मुलींनी विचारलंय, तुमच्या सासूबाई पाइपांची गोष्ट सांगायला पुन्हा कधी येणार. तुम्ही मधेच हसायचात, कारण माझं तुम्हाला समजत होतं. मला तुमचं काहीच समजत नव्हतं आणि तरी त्या दुपारी मला एकदाही अडल्यासारखं वाटलं नाही.

मग तुम्ही माझा हात धरलात आणि काहीतरी विचारलंत. प्रश्न होता, एवढं सुरावरून कळलं. लांब नव्हता. तुम्ही माझ्याकडं बघत उत्तराची वाट पाहत राहिलात, आणि तुमच्यासारख्या बाईला उत्तर न देता बसवून ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

मी म्हणाले, "व्हय आई."

तुम्ही हात सोडला नाहीत, पण पकड सैल झाली आणि तुम्हाला झोप लागली.

त्या प्रश्नाचा आवाज माझ्या कानात अजून आहे. गालिनाला फोनवर तसाच म्हणून दाखवला तर ती अर्थ सांगेल, कदाचित पुराही सांगेल. मी म्हणून दाखवणार नाही. घर सांभाळशील ना, म्हणाला असाल, प्रसादला सांभाळशील ना, म्हणाला असाल, किंवा नुसतंच, चहा टाकतेस का, असं असेल. काय होतं ते मला ठाऊक नाही. मी हो म्हणून बसले आहे.

तुमची,
सविता